प्लेग, प्रशासन आणि लोक

साथ आली की सार्वजनिक आरोग्य हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतो आणि ती ओसरली की आतल्या पानांतूनही नाहीसा होतो. एरवी महापालिकेचे आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, उपकेंद्रातील परिचारिका या मंडळींचे अस्तित्व बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पाण्याच्या टाकीत क्लोरीन वेळेवर पडले, डबक्यांतील अळ्या मारल्या गेल्या, गोवराची लस ठरल्या दिवशी टोचली गेली, तर काहीच घडत नाही. आणि काही न घडणे ही बातमी होत नाही. या यंत्रणेला समाजाने अधिकार किती द्यावेत, तिने ते कसे वापरावेत आणि लोकांनी तिचे का ऐकावे, हे प्रश्न मात्र जुने आहेत. आपल्याकडे ते सर्वांत उघडपणे पुढे आले ते १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत. साथरोग कायदा, परळची हाफकिन संस्था आणि मुंबईतील काही प्रशस्त रस्ते ही त्याच साथीची अपत्ये होत.

मांडवीतील ताप

मुंबईत प्लेग आल्याचे प्रथम सांगितले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे असलेले हे डॉक्टर मुंबई महापालिकेचे सदस्य होते. मांडवी भागातील रुग्णांच्या तपासणीतून त्यांचे निदान पक्के झाले आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी ते पालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले. या निदानाचे स्वागत झाले नाही. बंदराच्या शहरात 'प्लेग' हा शब्द उच्चारणे म्हणजे परदेशी बंदरांनी मुंबईच्या जहाजांना दारे लावून घेणे होते. त्यामुळे काही काळ सरकारी भाषेत 'गाठीचा ताप' अशा सौम्य नावाने त्याचा उल्लेख होत राहिला. रोगाचे नाव घ्यायला यंत्रणाच कचरली, ही त्या साथीतील पहिली चूक.

पुढे मात्र यंत्रणा एकदम दुसऱ्या टोकाला गेली. ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिका आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. घरे धुण्यात आली, जमिनी उकरल्या गेल्या, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली गेली, गटारे समुद्राच्या पाण्याने धुऊन काढली गेली. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तेव्हा १८९६ साली अधिकारी लढत होते ते घाण, कोंदट हवा आणि दमट जमीन यांच्याशी. उंदीर मरून पडताना सर्वांना दिसत होते, त्याचा अर्थ उमगत नव्हता. गटारे धुतल्याने उंदीर या वस्तीतून त्या वस्तीत पांगले असण्याचीच शक्यता अधिक.

लोकांच्या मनात रुग्णालय म्हणजे मरणाचे दार होते. तेथे गेलेला परत येत नाही, हा अनुभव अगदीच खोटा नव्हता, कारण बहुतेक रुग्ण अखेरच्या अवस्थेतच तेथे नेले जात. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर आयुक्तांनी सक्ती सैल केली. यामागचे कारण मोठे बोलके आहे. शहराचे सफाई कामगार भीतीपोटी निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही चिंता आयुक्तांना लागली होती. अधिकाऱ्यापाशी हुकूम असतो, पण गटार उपसणारे हात दुसऱ्याचे असतात, हे त्यांना उमगले होते. तरी साडेआठ लाखांच्या या शहरातून १८९७च्या प्रारंभापर्यंत निम्म्याच्या जवळपास माणसे गावोगाव निघून गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला.

एका आठवड्याचा कायदा

युरोपातील राष्ट्रे हिंदुस्थानच्या मालावर बंदी घालण्याच्या विचारात होती. व्हेनिस येथे प्लेगविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती. आपण कडक उपाय करीत आहोत हे जगाला दाखवणे सरकारला निकडीचे वाटले. जानेवारी १८९७च्या अखेरीस कलकत्त्याच्या विधिमंडळात एक विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीला त्याचा कायदा झाला. हाच साथरोग कायदा, १८९७.

या कायद्यात मूळची कलमे अवघी चार. पहिले नाव आणि व्याप्ती सांगणारे. दुसऱ्याने सरकारला, नेहमीचे कायदे अपुरे वाटल्यास, वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा, प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला. तिसऱ्याने हे नियम मोडणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा सांगितली (त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे). चौथ्याने सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास दाव्यांपासून संरक्षण दिले. 'घातक साथीचा रोग' म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नव्हती. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण तो 'असल्यास' या एका शब्दाच्या आधाराने. वेगळे ठेवलेल्या माणसाला अन्न कोणी द्यायचे, त्याने दाद कोठे मागायची, सरकारने माहिती जाहीर करायची की नाही, यांबद्दल कायदा मौन बाळगतो. अधिकार सारे एका बाजूला, कर्तव्ये सारी दुसऱ्या बाजूला, अशी ही रचना होती.

ती रचना पुण्यात कशी राबवली गेली, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. साताऱ्याचे सहायक जिल्हाधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांना फेब्रुवारी १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष नेमण्यात आले. समितीत त्यांच्याखेरीज कर्नल फिलिप्स आणि हाँगकाँगच्या साथीचा अनुभव असलेले डॉ. बेव्हरिज होते. १३ मार्चपासून दोन महिन्यांहून अधिक काळ सैनिकांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. काखेत, जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी माणसांना उघड्यावर तपासणे, देवघरापर्यंत बुटांनी शिरणे, सामानसुमान जाळणे, एका रुग्णापायी साऱ्या घराला छावणीत नेणे असे प्रकार घडले. स्त्रियांच्या विटंबनेची विश्वसनीय तक्रार आली नाही, असे रँड यांच्या अहवालात समाधानाने नोंदवले आहे. पण ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार, तिच्याकडेच ती नोंदवायची असेल तर तक्रारी न येण्याचे नवल ते काय? गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या अत्याचारांचे आरोप जाहीरपणे केले. साक्षीदार पुढे येईनात, तेव्हा परत आल्यावर त्यांना माफी मागावी लागली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलैला मरण पावले.

या इतिहासाकडे आपण बहुधा स्वातंत्र्यलढ्याचे एक प्रकरण म्हणून पाहतो आणि ते योग्यही आहे. आरोग्याच्या अंगाने मात्र दुसराच प्रश्न पुढे येतो. झडत्यांनी प्लेग आटोक्यात आला का? १८९७च्या उन्हाळ्यात पुण्यात साथ उतरली खरी, पण ती ऋतुमानाप्रमाणे उतरतच असते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ती परतली, आणि पुढे कितीतरी वर्षे परत येत राहिली. झडतीचा निश्चित परिणाम एकच झाला: लोक आजारी माणूस लपवू लागले. माळ्यावर, कपाटामागे, शेजारच्या गावी. प्रेतेही लपवली जाऊ लागली. साथरोगाच्या अधिकाऱ्याचे सर्वांत मोठे साधन म्हणजे रोग कोठे आहे याची बातमी. तीच त्याने स्वतःच्या हाताने बंद करून घेतली.

त्याच पुण्यात, झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले होते. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून झडत्यांवर कठोर टीका केली, पण रुग्णांना वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाला त्यांचा विरोध नव्हता. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी दोष दिला आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. म्हणजे विलगीकरण लोकांना मुळातच अमान्य होते, असे म्हणता येत नाही. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली, आपल्या चालीरीती सांभाळून ते करायला लोक तयार होते. मुंबईत तर वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली आणि सरकारी रुग्णालयाच्या नावाने पळणारे लोक तेथे आपण होऊन जाऊ लागले. आज या जातवार विभागणीचे कौतुक करावेसे वाटणार नाही, पण तिने रुग्ण उजेडात आणले हे नाकारता येत नाही.

सरकारलाही हे उमगले, मात्र त्यासाठी आणखी एक दंगल व्हावी लागली. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका रुग्णाला नेण्यावरून मदनपुऱ्यात उसळलेला दंगा शहरभर पसरला. त्यानंतर सैनिकांच्या झडत्या मागे पडल्या, स्थानिक प्रतिष्ठितांची आणि स्वयंसेवकांची मदत घेण्यात येऊ लागली. लस ऐच्छिक ठेवण्यात आली.

टोचून घेण्याचा प्रश्न

ही लस मुंबईतच तयार झाली होती. वॉल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण घटवत होती. हुबळीसारख्या गावी ती मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. हाफकिन सक्तीच्या विरोधात होते. त्यांचा भर टोचलेल्यांची आणि न टोचलेल्यांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवून दाखवण्यावर होता.

विश्वास किती नाजूक असतो हे १९०२ साली पंजाबातील मलकोवाल येथे दिसले. एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली तेथेच, उघडताना दूषित झाली असावी, हे पुढे मान्य झाले आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. तोवर पंजाबात प्लेगने लाखो माणसे नेली होती. त्यांची परळची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. साथीचे दुसरे फलित म्हणजे १८९८चा मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती त्याने आखल्या. मात्र जेवढी गरिबांची घरे पाडली तेवढी बांधली नाहीत, ही तक्रार तेव्हापासूनचीच. असो.

बक्षीस आणि बादली

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाचे वेगळे उत्तर सापडले ते देवीच्या निर्मूलनात. केवळ टोचणीचे आकडे वाढवून रोग हटत नाही हे लक्षात आल्यावर मोहिमेचे सूत्र बदलले: रुग्ण शोधा, त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचा. शोधण्यासाठी कार्यकर्ते घरोघर आणि बाजारांत देवीच्या रुग्णाचे छायाचित्र दाखवत फिरले. रुग्ण कळवणाऱ्यास बक्षीस ठेवले गेले आणि ते वाढवत १००० रुपयांपर्यंत नेले गेले. रुग्ण दाखवणारा आता गुन्हेगाराला धरून देणारा नव्हता, तर उपकारकर्ता होता. मे १९७५ मध्ये आसामात भारतातील अखेरचा रुग्ण नोंदला गेला. अर्थात शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी दारे तोडून, रात्रीबेरात्री बळजबरीने टोचण्याचे प्रकारही घडले, हे लपवण्यात अर्थ नाही. लगोलग आणीबाणीत नसबंदीची सक्ती आली आणि आरोग्य कर्मचाऱ्याची पावले अंगणात दिसताच लोक शेतात पळून जाऊ लागले. मिळवलेला विश्वास असा एका हंगामात संपतो.

प्लेग विसरला गेला होता. १९६६ नंतर देशात माणसांतील रुग्ण नोंदला गेला नव्हता, आणि त्यावरची पाळतही ढिली पडली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला, मग गाठी आलेले रुग्ण दिसले. आदल्या वर्षीच्या लातूर-उस्मानाबादच्या भूकंपानंतर लोकांनी घरे सोडली, त्यांत राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढच्या महिन्यात सुरत हादरले. पुराचे पाणी नुकतेच ओसरलेल्या त्या शहरात फुफ्फुसांच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोक निघून गेले. त्यांत कापड उद्योगात राबणारी खान्देशातील मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. खासगी डॉक्टरांपैकी अनेकांनी दवाखाने बंद केले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या, परदेशी विमान कंपन्यांनी भारताची उड्डाणे थांबवली. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती. नुकसान मात्र अफाट झाले. अधिकृत, नेमकी आणि रोजची माहिती देणारा एक आवाज वेळेवर उभा राहिला असता तर घबराट एवढी पसरती ना.

सुरतची खरी गोष्ट त्यानंतरची आहे. मे १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येकावर अधिकारसंपन्न प्रमुख नेमला, आणि अधिकाऱ्यांनी रोज सकाळी कार्यालयाऐवजी रस्त्यावर, कचऱ्यापाशी असावे असा दंडक घातला. कचरा रोज उचलला जाऊ लागला, झोपडपट्ट्यांत फरसबंदी आणि संडास आले, दवाखान्यांकडून तापाच्या रुग्णांची माहिती नियमित गोळा होऊ लागली. अतिक्रमणे पाडताना धनिकांना सूट मिळाली नाही, म्हणून गरिबांनीही ती मान्य केली. दोन वर्षांच्या आत देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत सुरतची गणना होऊ लागली. आश्चर्य हे, की यासाठी कोणताही नवा कायदा करावा लागला नाही. पालिका कायद्यातील जुनीच कलमे पुरली.

त्याच कायद्याखाली पुन्हा

१८९७चा कायदा पुण्यात पुन्हा लागू झाला तो २००९ साली. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू तेथे झाला, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली. मार्च २०२० मध्ये करोनासाठी राज्यभर तोच कायदा आधाराला घेण्यात आला. टाळेबंदीत महाराष्ट्रात कलम १८८ खाली लाखाहून अधिक गुन्हे नोंदले गेले. त्याच दिवसांत धारावीत मात्र वेगळे काम चालले होते. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ लाखांहून अधिक माणसे, दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण आणि सामायिक संडास. तेथे 'घरात अंतर ठेवा' हा सल्ला म्हणजे थट्टाच ठरली असती. १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडल्यावर महापालिकेने वस्तीत ओळखीचे असलेले खासगी डॉक्टर बरोबर घेतले, ताप तपासणी शिबिरे भरवली, संडास दिवसातून अनेकदा निर्जंतुक केले, आणि संशयितांना शाळांत व क्रीडा संकुलात हलवताना जेवणाची सोय केली. वर्ष १८९६ असो वा २०२०, पोटाची सोय आहे का हे पाहूनच माणूस घराबाहेर पडतो. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला. त्याच महिन्यात मुंबईच्या इतर तीन प्रभागांतील झोपडपट्ट्यांत झालेल्या रक्ततपासणीत निम्म्याहून अधिक लोकांत प्रतिपिंडे आढळली, म्हणजे संसर्ग नोंदींपेक्षा खूप अधिक पसरला होता. धारावीचे यश मोजताना ही बाब नजरेआड करू नये.

साथ कळण्याची नेहमीची व्यवस्था २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने बांधली आहे. उपकेंद्रातील कर्मचारी लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून आपापली नोंद पाठवते आणि जिल्ह्याचा सर्वेक्षण कक्ष त्या पडताळून पाहतो. २०२१ पासून हे काम संगणकीय प्रणालीवर होऊ लागले. गावपातळीवर तिचे डोळे म्हणजे २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशा. सप्टेंबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजली ती प्रामुख्याने त्यांनी. दार उघडले जाते ते त्या गावच्याच सुना-लेकी असतात म्हणून. एवढे काम करूनही कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका' आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो.

कायद्याचे घोडे मात्र फारसे पुढे सरकलेले नाही. मद्रास प्रांताने १९३९ सालीच स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य कायदा केला आणि तामिळनाडूत त्यासाठीचा वेगळा अधिकारीवर्ग आजही आहे. गोव्याचा कायदा १९८५चा. महाराष्ट्रात हे अधिकार महापालिका, जिल्हा परिषद आणि पोलीस यांच्या निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. केंद्राने २०१७ साली जुन्या कायद्याच्या जागी नवे विधेयक आणण्यासाठी मसुदा प्रसिद्ध केला, पण तो पुढे गेला नाही. २०२० साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी पाच, आणि गंभीर दुखापतीत सात वर्षांपर्यंत कैद सांगणारी. ती आवश्यक होतीच. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६व्या अहवालात या कायद्याचा आढावा घेऊन त्यातील उणिवा दाखवल्या आणि साथीसाठीची योजना आधीच आखून ठेवावी, केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांच्या जबाबदाऱ्या तीत स्पष्ट कराव्यात, अशी शिफारस केली. वेगळे ठेवलेल्या माणसाची भाकरी, त्याची बुडालेली मजुरी आणि त्याने दाद मागण्याची जागा यांविषयी १८९७च्या त्या कायद्यात अद्याप एकही कलम आलेले नाही.